ब्रीफ कोण देणार?

मराठीत आत्मचरित्रांना तोटा नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या कपाटापुढे उभे राहावे, तर नट, पुढारी, शिक्षक, डॉक्टर, शाहीर, कारखानदार असे सगळे दाटीवाटीने भेटतात. त्या गर्दीत न्यायमूर्ती मात्र फार थोडे, आणि जे लिहिते झाले त्यांनीही बहुधा इंग्रजीचा आसरा घेतला. १९४७ ते १९५८ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या छागलांचे 'रोझेस इन डिसेंबर' इंग्रजीत; साताऱ्याच्या मातीतून सरन्यायाधीशपदापर्यंत गेलेल्या गजेंद्रगडकरांचे 'टू द बेस्ट ऑफ माय मेमरी' हेही इंग्रजीत. मराठीत न्यायमूर्तींच्या घराचे जे पुस्तक आजही आवडीने वाचले जाते, ते न्यायमूर्तींनी नव्हे, त्यांच्या पत्नीने लिहिले. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. माधवराव रानडे १८९३ पासून १९०१ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत मुंबईला न्यायमूर्ती होते. पण वाचकाच्या लक्षात राहते ते त्यांचे घर, कोर्ट नव्हे. साहजिकच आहे. बाईचा वावर घरापर्यंत होता, म्हणून पुस्तकही घरापर्यंत.

बाईने स्वतः न्यायासनावर बसावे आणि मग आपली हकिकत सांगावी, याला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. केरळच्या ॲना चंडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात मुन्सिफ झाल्या, १९५९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या आणि त्यांनी आत्मकथा लिहिली ती मल्याळममध्ये. आपल्यापर्यंत पोहोचले ते लीला सेठ यांचे इंग्रजी 'ऑन बॅलन्स'. हे पुस्तक २००३ मध्ये आले. लीलाबाई १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. १९९१ मध्ये हिमाचल प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद मिळालेल्या देशातल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. (वृत्तपत्रांनी त्यांची ओळख बरेचदा 'कादंबरीकार विक्रम सेठ यांच्या मातोश्री' अशी करून दिली. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, तरी एवढा मान कादंबरीकाराला देऊ नये असे मला वाटते.)

हे पुस्तक मी अलीकडे पुन्हा वाचले. निमित्त होते २० मे २०२५ च्या एका निकालाचे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे, ही जुनी अट पुन्हा लागू केली. त्यापूर्वी महाराष्ट्रात चांगल्या गुणांनी पदवी घेतलेल्या ताज्या पदवीधरांनाही लोकसेवा आयोगाची ही परीक्षा देता येत असे. अटीमागचे कारण चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. कोर्टाची पायरी न चढलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने एकदम खुर्चीवर बसून लोकांच्या मालमत्तेचा आणि स्वातंत्र्याचा फैसला करावा, हे कोणालाच रुचत नाही. पण ज्या घरात मुलगी कायदा शिकते आहे, त्या घराने या निकालाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे, असे मला लीलाबाईंचे पुस्तक वाचताना वाटत राहिले. त्याचे कारण सांगते.

लीला सेठ १९५८ मध्ये लंडनच्या बारच्या अंतिम परीक्षेत पहिल्या आल्या. तोपर्यंत तिथे एकही बाई पहिली आलेली नव्हती. पुढे हिंदुस्थानात परतल्यावर कलकत्त्याच्या एका नामवंत बॅरिस्टरांच्या चेंबरमध्ये उमेदवारी मिळावी म्हणून त्या गेल्या. बॅरिस्टरसाहेबांनी त्यांना या धंद्यात पडण्यापेक्षा लग्न करण्याचा सल्ला दिला. लग्न झाले आहे म्हटल्यावर मूल होऊ द्यावे असे सुचवले. मूल आहे म्हटल्यावर एकटे मूल बरे नव्हे, दुसरे असावे, असे म्हटले. दुसरेही आहे, हे ऐकल्यावर मात्र साहेबांनी हार मानली आणि चिकाटीची बाई दिसते म्हणून ठेवून घेतले. हा प्रसंग वाचून सगळेच हसतात, मीही हसले. नंतर मनात आले, परीक्षेत पहिल्या आलेल्या माणसाला यातला एक तरी प्रश्न उत्तरपत्रिकेत सोडवावा लागला होता का?

मुद्दा हा आहे. कायद्याच्या क्षेत्रात दोन दारे आहेत. एक परीक्षेचे. तिथे उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. दुसरे दार निवडीचे. तिथे कोणीतरी माणूस बसलेला असतो आणि तो आपल्याला न्याहाळून आत घेतो किंवा घेत नाही. बायकांनी पहिले दार केव्हाच उघडले. अडल्या त्या दुसऱ्याशी.

आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचेच पाहा. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हते. मधल्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, तरी वकील म्हणून उभे राहता येईना. १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला, तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. पुढे त्यांनीही 'इंडिया कॉलिंग' हे आत्मचरित्र लिहिले.

मुंबईत या कायद्याचा लाभ घेणारी पहिली मुलगी मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम. एल्फिन्स्टनमध्ये अर्थशास्त्र शिकलेली. १९१९ मध्ये आई हेराबाईंबरोबर लंडनला जाऊन हिंदी स्त्रियांना मताधिकार द्या म्हणून साक्ष दिलेली. १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेली. १९२४ मध्ये तिने मुंबई उच्च न्यायालयात सनद घेतली. तिच्या पहिल्या ब्रीफची हकिकत आजही सांगितली जाते. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की कोणीही वकील उभा राहिला असता तरी तो जिंकलाच असता. त्याला हवे होते ते एवढेच, की प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी! म्हणून ब्रीफ तिला मिळाले. मिठनबाईंनी 'ऑटम लीव्हज' नावाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत, १९४७ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या, माटुंगा लेबर कॅम्पच्या वस्तीत त्यांनी पुष्कळ काम केले, पद्मभूषणही मिळाले. उच्च न्यायालयाच्या खुर्चीपर्यंत मात्र त्या पोहोचल्या नाहीत.

ओव्हल मैदानावरून उच्च न्यायालयाच्या इमारतीकडे कधी मान वर करून पाहिले आहे का? पश्चिमेच्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. दोन्ही स्त्रीरूपात. १८७९ च्या जानेवारीत या इमारतीत कामकाज सुरू झाले. पुढच्या सहासात वर्षांत गिरगावच्या बाजूला राहणाऱ्या रखमाबाईंचा खटला इथेच गाजला. लहानपणी झालेले लग्न मान्य नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे म्हणणाऱ्या त्या मुलीला १८८७ मध्ये याच न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले. प्रतिवादी बाई, मनोऱ्यावर बाया, आणि मध्ये न्यायासनावर, बारमध्ये, कारकुनांच्या टेबलांवर सगळे पुरुष. आत न्यायमूर्ती म्हणून बाई बसायला १९७८ साल उजाडले. पुतळे वर चढले त्याला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

त्या बाई म्हणजे सुजाता मनोहर. एल्फिन्स्टन, ऑक्सफर्डचे लेडी मार्गारेट हॉल, लिंकन्स इन असे शिक्षण. १९५८ पासून त्यांनी मुंबईच्या ओरिजिनल साइडला वकिली केली. ओरिजिनल साइड म्हणजे मोठमोठ्या व्यापारी दाव्यांचे आगर. तिथे पुष्कळ वर्षे अशी पद्धत होती की सॉलिसिटरने ब्रीफ दिल्याखेरीज कौन्सेलला उभेच राहता येत नसे. म्हणजे निवडीचे दार, आणि तेही रोजच्या रोज. व्यापारी पेढीच्या लाखोंच्या दाव्यात बाई उभी करायला सॉलिसिटर किती राजी असतील, हे सांगायला नको. त्या वातावरणात टिकून मनोहर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी न्यायमूर्ती झाल्या, १९९४ च्या जानेवारीत मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, तीनच महिन्यांत केरळच्या मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत १३ ऑगस्ट १९९७ चा जो 'विशाखा' निकाल आहे, तो देणाऱ्या तिघांच्या पीठात त्या होत्या. निकाल सरन्यायाधीश वर्मा यांनी लिहिला. तेव्हा मी बँकेत होते. निकालानंतर तक्रार समितीचे परिपत्रक शाखेत आले, सूचनाफलकावर लागले, आणि इतके दिवस ज्या गोष्टी डबा खाताना दबक्या आवाजात बोलल्या जात त्यांना पहिल्यांदा एक सरकारी नाव मिळाले. बाकीचे काम संथपणेच झाले. त्याचा कायदा व्हायला २०१३ साल लागले.

एक गोष्ट मात्र या सगळ्या पहिल्यावहिल्या बायकांच्या बाबतीत सारखी आहे आणि ती कोणी लपवलेलीही नाही. सुजाता मनोहर यांचे वडील के. टी. देसाई गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते. मिठनबाईंच्या मागे हेराबाईंसारखी आई उभी होती. सध्याच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे वडील वेंकटरामय्या सरन्यायाधीश होते; योगायोग असा, की १९८९ मध्ये फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या तेव्हा त्या पदावर तेच होते. यात त्यांच्या गुणवत्तेला कमीपणा नाही. गुण नसते तर नुसत्या वडिलांच्या नावावर एवढे निकाल लिहून होत नाहीत. पण ज्या दाराशी ओळख विचारतात, तिथे त्यांच्यापाशी ओळख होती. ज्या मुलीचे वडील मोरारजी मिलच्या साच्यावर होते आणि १९८२ च्या संपानंतर घरी बसले, तिच्यापाशी काय असणार?

अशी एक मुलगी मला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मी आमच्या बँकेच्या वसुली खात्यात होते. बँकेची वकिलांची एक यादी असते, तिला पॅनेल म्हणतात. थकलेले कर्ज कोर्टात न्यायचे की त्या यादीतल्या एका वकिलाला फाइल जाते. लालबागच्या चाळीत राहून सकाळच्या कॉलेजात एलएल.बी. केलेली ही मुलगी पॅनेलवर होती. तिला आम्ही द्यायचो काय, तर टायटल सर्च. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जुनी बाडे उलगडून तीस वर्षांचे व्यवहार उतरवून आणायचे. धूळ पुष्कळ, फी बेताची. नोटिसांचे मसुदेही तिच्याकडे जायचे. पण लढायचा दावा निघाला की फाइल दुसऱ्याच कपाटातून बाहेर पडायची. समरी सूटचे बारकावे तिला तोंडपाठ होते, म्हणून मी एकदा साहेबांना विचारले. साहेब माणूस सज्जन. म्हणाले, "वसुलीचं काम आहे हो, पार्टी अंगावर येते. बाईमाणसाला कशाला पाठवायचं?" म्हणजे तिची काळजीच घेतली जात होती! तीच मुलगी पावसाळ्यात एकटी भिवंडीच्या गोदामांचे पत्ते शोधत फिरायची, त्याची मात्र कोणाला काळजी नव्हती.

बँकेतही ही दोन दारे आम्ही पाहिली. भरती मंडळाच्या परीक्षेतून ऐंशीच्या दशकात मुली भराभर आल्या. गिरगाव-परळच्या शाखांत काउंटरच्या मागे निम्म्या साड्या दिसू लागल्या. पुढे प्रमोशनबरोबर बदली आली की मात्र 'प्रमोशन नको' असे लिहून देणाऱ्यांत बायकाच जास्त. १९९३ मध्ये तर्जनी वकील एक्झिम बँकेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा आम्ही ते कात्रण जपून ठेवले होते. स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी बाई, अरुंधती भट्टाचार्य, यायला २०१३ उजाडले.

न्यायालयांचे आकडे हेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या न्यायाधीशांत स्त्रिया ३६.३ टक्के, उच्च न्यायालयांत १३.४ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात ९.३ टक्के होत्या. खालच्या पायरीवर परीक्षा आहे, वर निवड आहे. उच्च न्यायालयात जायचे दोन रस्ते: जिल्हा न्यायाधीशांतून बढती आणि बारमधून नेमणूक. जागांचा मोठा वाटा बारचा. बारमधून कोणाला घेतात? ज्याची वकिली मोठी, ज्याचे नाव निकालपत्रांत वारंवार येते त्याला. आणि नाव येते ब्रीफ मिळाले तर. टायटल सर्च करणाऱ्याचे नाव कुठल्या निकालात छापून येत नाही.

यात वयाचे गणित आणखी मिळवा. आम्हा बँकवाल्यांना हे गणित पक्के येते. सीनियॉरिटी लिस्ट पाहून कोण कोणाच्या आधी रिटायर होणार, हे आम्ही डबा खाता खाता सांगत असू. उच्च न्यायालयात निवृत्तीचे वय ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. जो पंचेचाळिशीच्या आत न्यायमूर्ती होतो तो ज्येष्ठतेने वर सरकतो. जो बावन्नाव्या वर्षी येतो त्याचा प्रवास अर्ध्यातच संपतो. मनोहर त्रेचाळिसाव्या वर्षी आल्या म्हणून मुख्य न्यायमूर्तिपद लाभले. नागरत्ना २००८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी आल्या म्हणून, ज्येष्ठतेचा क्रम असाच राहिला तर, २०२७ च्या सप्टेंबरअखेर देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, आणि तेही जेमतेम महिनाभरासाठी. बाळंतपणे, मुलांची दहावी, सासूबाईंचे आजारपण यांत ज्यांची ऐन चाळिशीपर्यंतची वकिली विसकटते, त्या या रांगेत मुळातच उशिरा उभ्या राहतात. १९५० पासून २०२५ अखेरपर्यंत सर्वोच्च न्यायालयात महिला न्यायमूर्ती झाल्या एकूण अकरा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली तेव्हा केवढे कौतुक झाले. २०२५ मध्ये न्या. बेला त्रिवेदी निवृत्त झाल्या आणि तिथे एकट्या नागरत्ना उरल्या.

आता त्या तीन वर्षांच्या अटीकडे पुन्हा पाहा. परीक्षेचे दार मुलींना खुले होते, कारण तिथे कोणाची ओळख लागत नव्हती. आता त्या दारापर्यंत जायला आधी तीन वर्षे दुसऱ्या दाराशी उभे राहायचे. कोणाच्या तरी चेंबरमध्ये जागा हवी. दहा वर्षे मुरलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र हवे, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता हवी. ज्युनियरला सुरुवातीला मिळतात ते लोकलच्या पासाचे आणि चहाचे पैसे. मुलगा असला तर घर म्हणते, शिकतोय, शिकू दे. मुलीच्या बाबतीत तीच तीन वर्षे लग्नाची वर्षे असतात. अनुभव हवा हे खरेच. पण तो अनुभव पगारी असावा, निवड झाल्यावर सरकारने दोन वर्षे कोर्टात उमेदवारी करायला लावावी, बँका प्रोबेशनवर घेतात तसे, असा मार्ग का नसावा? माझ्या मते तोच बरा.

आणि हे सारे आपल्याला कळते कशावरून? निकालपत्रांवरून नाही. अहवालांत टक्के असतात, पण ब्रीफ का दिले नाही याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. ती होते फक्त आत्मचरित्रात. कलकत्त्याच्या बॅरिस्टरांचे ते संभाषण लीलाबाईंनी लिहिले नसते तर त्यांच्याबरोबरच गेले असते. म्हणून अशी पुस्तके मला कौतुकाच्या हारांपेक्षा मोलाची वाटतात. मराठीत न्या. मृदुला भाटकर यांचे 'हे सांगायला हवं' आहे. घरावरच खटल्याची वेळ आल्यावर न्यायाधीश बाईला काय सोसावे लागते, ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. याच भाटकरांनी न्या. विजया ताहिलरामानी यांच्यासमवेत ४ मे २०१७ रोजी बिल्किस बानो प्रकरणात अकरा जणांची जन्मठेप कायम केली. दोन्ही न्यायमूर्ती महिला असलेले ते पीठ होते. पण असे मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात हे एकच. भोईवाड्याच्या, गिरगावच्या, माझगावच्या कोर्टांत वर्षानुवर्षे बसलेल्या, तालुक्याच्या गावी कोर्टाच्या गळक्या क्वार्टर्समध्ये मूल वाढवत निकाल लिहिणाऱ्या बायका काय पाहून आल्या, ते अजून कागदावर यायचे आहे.

लालबागची ती मुलगी पुढे परीक्षा देऊन न्यायाधीश झाली. पहिले पोस्टिंग मराठवाड्यात मिळाले. मग ठाणे, रत्नागिरी, पुन्हा मुंबई. जिल्हा न्यायाधीश म्हणून ती निवृत्त झाली. उच्च न्यायालयापर्यंत वय पुरले नाही. मध्यंतरी दादरला प्लाझापाशी भेटली. मी म्हटले, "आता लिही बाई सगळं." ती हसली. "ताई, तीस वर्षं निकालच तर लिहिले. स्वतःबद्दल लिहायची सवय मोडली." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण ते टायटल सर्चचं मात्र लिहीन म्हणते." पाठकोरे कागद घेऊन तिने सुरुवातही केली आहे. सतरा पाने झाली, असा परवा फोन आला होता.